घटक ४ : तळे राखील तो पाणी चाखील – पाण्याची भाषा आणि पाण्याची राखण

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• मराठीतील जलविषयक शब्दांमागे असलेले व्यवहार व नियम स्पष्ट करणे.
• अर्थविस्तार, अर्थापकर्ष व प्रयोजक क्रियापद या संकल्पना पाण्याच्या शब्दसंपदेला लावून पाहणे.
• पाण्याच्या गुणवत्तेविषयी बोलताना वापरल्या जाणाऱ्या शब्दांतील भेद सांगणे.
• पाण्याविषयीच्या लेखी मजकुरात कर्त्याचा उल्लेख कोठे येतो व कोठे गळतो हे तपासणे.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शब्द आणि समाजजीवन यांचा संबंध शेतीच्या शब्दसंपदेच्या आधारे पाहिला. या घटकात आपण पाण्याकडे वळणार आहोत. पाण्याचे नियोजन हा अभियंत्यांचा व भूवैज्ञानिकांचा विषय आहे, भाषेच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पाणी वाटायचे तर वाट्याला नाव द्यावे लागते, पाणी राखायचे तर राखणाऱ्याला नाव द्यावे लागते, आणि पाणी बिघडले तर बिघाडालाही नाव द्यावे लागते. जेथे नाव नसते किंवा चुकीचे असते तेथे नियमही निसटतो. भाषेच्या अभ्यासकाचे काम येथून सुरू होते.

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण तुम्हांला परिचित आहे. ज्याच्या हाती एखादी वस्तू सोपवली, तो तिचा थोडाफार लाभ घेणारच, असा तिचा रूढ अर्थ आहे. गैरव्यवहाराकडे काणाडोळा करतानाही ती वापरली जाते. मात्र वाच्यार्थाने वाचली तर तीच म्हण एक तत्त्व सांगते : पाण्यावरचा हक्क आणि पाण्याची राखण यांची सांगड असते. या घटकात आपण हा वाच्यार्थ गांभीर्याने घेणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘पाणी’ हा शब्द

मराठीतील ‘पाणी’ हा तद्भव शब्द संस्कृत ‘पानीय’ या शब्दापासून प्राकृतातील ‘पाणिअ’ या रूपाद्वारे आला आहे. ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘पाणी’ या शब्दातच पेयतेची अट होती. पुढे या शब्दाचा अर्थविस्तार झाला. समुद्राचे खारे पाणी, डोळ्यांतले पाणी, डबक्यातले पाणी, कारखान्यातून सोडलेले पाणी, हे सर्व आज ‘पाणी’च आहे. अर्थ विस्तारला तशी मूळची अट पुसली गेली आणि ती पुन्हा सांगण्यासाठी आपल्याला ‘पिण्याचे पाणी’ असा शब्दसमूह घडवावा लागला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही द्विरुक्ती असली, तरी व्यवहारात ती आता अपरिहार्य आहे.

४.२.२ वाटपाची भाषा : फड, पाळी आणि निस्तार

धुळे व नाशिक जिल्ह्यांत तापीच्या खोऱ्यातील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून ‘फड’ पद्धत चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी पाटाने शेतांकडे वळवले जाते. पाटापासून चाऱ्या निघतात, चाऱ्यांपासून शेतातील लहान सारंग निघतात आणि जास्तीचे पाणी सांडमांवाटे परत ओढ्यानदीत जाते. लाभक्षेत्राचे साधारण तीन-चार भाग करतात; त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे, आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे किंवा कोणता फड पडीक ठेवायचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे, असा नियम असतो. पाणी सोडणारा तो पाटकरी, पाटावर व पिकावर लक्ष ठेवणारा तो जागल्या.

या व्यवस्थेतील नियम शब्दांत कसे साठले आहेत ते पाहा. ‘फड’ म्हणजे केवळ जमिनीचा तुकडा नव्हे. तो पीक, पाळी आणि निर्णय यांचे एकक आहे. पाऊस कमी झाला तर कमी फडांना पाणी द्यायचे असे ठरे. अनेक शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे टंचाईचा भार एकट्यादुकट्यावर न पडता पुष्कळसा वाटला जाई. ‘सांडम’ हा शब्द अधिक पाण्याची वाट दाखवतो. पाणी दिल्यावर त्याचा निचरा झाला पाहिजे, नाही तर जमीन पाणथळ व क्षारयुक्त होते. ही जाण त्या शब्दात आहे. नद्यांच्या वरच्या भागांत झालेली धरणे आणि पंपावर चालणाऱ्या विहिरी यांमुळे ही पद्धत आता आक्रसली आहे. पाटकरी आणि जागल्या ही कामे जेथे थांबतात, तेथे ते शब्दही पुढच्या पिढीला ऐकू येत नाहीत.

कालव्यांच्या शासकीय परिभाषेतही असाच एक अर्थपूर्ण शब्द आहे : ‘शेजपाळी’. ‘शेज’ म्हणजे शेजारचे, लगतचे. ‘पाळी’ म्हणजे क्रम. चारीवरील शेतांना लगतच्या क्रमाने पाणी द्यायचे, आणि हा क्रम चारीच्या शेवटच्या टोकाकडून सुरू करायचा, असा या पद्धतीचा नियम आहे. टोकाच्या शेतापासून सुरुवात करण्यात न्यायाची एक कल्पना आहे, कारण पाण्याच्या तोंडाशी बसलेल्याला पाणी आपोआपच आधी मिळते. आज ‘आवर्तन’ हा तत्सम शब्द आणि बोलण्यातला ‘रोटेशन’ हा इंग्रजी शब्द अधिक ऐकू येतात. पाणी पुन्हा केव्हा सुटणार हे त्यांतून कळते. कोणाच्या आधी कोणाला मिळणार हे कळत नाही.

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तलावांची मोठी परंपरा आहे. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव आणि त्यांहून लहान ‘बोड्या’ धानाच्या शेतीला पाणी देतात. ‘निस्तार’ हा या भागातला महत्त्वाचा शब्द. गावकऱ्यांना रोजच्या गरजांसाठी जंगल, चराई, पाणी यांचा उपयोग घेण्याचा जो हक्क, तो निस्तार हक्क. त्याची नोंद निस्तार पत्रकात होत असे. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी रद्द झाली व तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ असे झाले, आणि लोकांच्या व कार्यालयांच्या तोंडी त्याचे लघुरूप ‘मामा तलाव’ असे रुळले. नावातील ‘माजी’ हे विशेषण जुन्या मालकाकडे बोट दाखवते. आजचा राखणारा कोण, याचे उत्तर त्या नावात नाही. पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, बेशरमासारख्या वनस्पतींना आवर घालणे ही कामे कोणाची, हा या तलावांपुढील खरा प्रश्न आहे.

४.२.३ ‘एकरी’ आणि ‘माणशी’

वाटपाचे तत्त्व कधी कधी एका प्रत्ययात सामावलेले असते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे ‘पाणी पंचायत’ या विचाराला प्रत्यक्ष रूप दिले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी, उसाला पाणी नाही, भूमिहीनांनाही पाण्यात वाटा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, असे नियम ठरले.

‘एकरी पाणी’ म्हटले की ज्याची जमीन मोठी त्याचा वाटा मोठा होतो. ‘माणशी पाणी’ म्हटले की भूमिहीन मजूरही वाटेकरी होतो. दोन्ही शब्द एकाच प्रकारे सिद्ध झालेले प्रमाणवाचक शब्द आहेत. परंतु त्यांतील कोणता शब्द नियमात लिहायचा, यावर गावातील अनेक कुटुंबांचे जगणे अवलंबून असते.

४.२.४ ‘गाव’ आणि ‘सार्वजनिक’

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. पारंपरिक शब्दांत शहाणपण असते, तसे वगळणेही असते. ‘गावाचा पाणवठा’ या शब्दसमूहातील ‘गाव’ म्हणजे सर्व गावकरी असा अर्थ शतकानुशतके नव्हता. अस्पृश्य ठरवलेल्या समाजांना त्या पाणवठ्यावर मज्जाव होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो ‘सार्वजनिक’ या शब्दाला प्रत्यक्ष अर्थ मिळावा म्हणून. म्हणून जुन्या व्यवस्थेचा गौरव करताना ‘तळे राखणारे’ कोण होते आणि ‘पाणी चाखू’ कोणाला दिले जात होते, हे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘पाणी’ या शब्दाचा अर्थविस्तार कसा झाला ते दोन वाक्यांत सांगा.
(आ) ‘शेजपाळी’ या शब्दाची फोड करून त्यातील वाटपाचा नियम स्पष्ट करा.
(इ) ‘एकरी’ व ‘माणशी’ या शब्दांमुळे पाणीवाटपात कोणता फरक पडतो?

४.२.५ गुणवत्तेची भाषा : स्वच्छ, शुद्ध, पिण्यायोग्य

पाण्याचे वर्णन करताना आपण स्वच्छ, शुद्ध, निर्मळ, नितळ, गोड असे शब्द समानार्थी असल्यासारखे वापरतो. यांतील ‘नितळ’ व ‘निर्मळ’ हे डोळ्यांच्या साक्षीचे शब्द आहेत आणि ‘गोड’ हा जिभेच्या साक्षीचा. ‘पिण्यायोग्य’ ही मात्र तपासणीनंतरच लावता येणारी संज्ञा आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तर ती १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. आतड्यातील जंतूंचे निदर्शक असलेले ई-कोलाय तर १०० मिलिलिटर पाण्यात आढळताच कामा नयेत.

यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. असे पाणी दिसायला नितळ असते व चवीलाही वावगे लागत नाही. परंतु ते वर्षानुवर्षे प्यायल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि प्रमाण जास्त असेल तर हाडे व सांधेही जखडतात. गावात ‘आमच्या हातपंपाचे पाणी चांगले आहे’ हे वाक्य पूर्ण प्रामाणिकपणे उच्चारले जाते आणि तरीही ते घातक ठरू शकते, कारण ‘चांगले’ या शब्दाची कसोटी डोळा आणि जीभ एवढीच असते.

पाणी शुद्ध करण्याच्या क्रियापदांचीही अशीच गल्लत होते. पुढील भेद लक्षात ठेवा :

गाळणे – कचरा, अळ्या व मोठे कण निघतात, जंतू राहतात.
निवळणे – तुरटी फिरवल्याने किंवा निवळीचे बी उगाळून घातल्याने गढूळपणा तळाशी बसतो. तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही.
उकळणे – जंतू मरतात. फ्लोराइड व नायट्रेट कमी होत नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते.
निर्जंतुक करणे – क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात. विरघळलेले क्षार तसेच राहतात.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ‘ओटी’ चाचणी घेतो. पाण्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळसर रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. हे प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते. या चाचणीवरून क्लोरीन शिल्लक असल्याचे कळते. फ्लोराइडविषयी ती काहीही सांगत नाही. म्हणून ‘पाण्याची तपासणी झाली’ हे वाक्य अपुरे आहे. कशाची तपासणी, केव्हा आणि कोणत्या स्रोतावर, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

४.२.६ नाला आणि सांडपाणी : अर्थापकर्षाची दोन उदाहरणे

ग्रामीण भागात ‘नाला’ म्हणजे लहान जलप्रवाह. ‘नाला-बांध’, ‘नाला खोलीकरण’ हे शब्द याच अर्थाने जलसंधारणाच्या कामांत येतात. शहरात मात्र ‘नाला’ म्हणजे घाण वाहून नेणारा मार्ग. पावसाळ्यापूर्वी वर्तमानपत्रांत येणारा ‘नालेसफाई’ हा शब्द याच दुसऱ्या अर्थावर उभा आहे. हा अर्थापकर्ष आहे. शब्द खालावला म्हणून प्रवाह खालावला, असे सरळ कार्यकारण मांडता येणार नाही. प्रवाहात घाण सोडली गेली, म्हणून शब्द खालावला. परंतु एकदा ‘नाला’ म्हटले की त्यात आणखी घाण टाकण्याचा संकोच उरत नाही, हेही तितकेच खरे. मुंबईतील मिठी नदी विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून माहीमच्या खाडीला मिळते. अनेक मुंबईकरांच्या बोलण्यात ती ‘नाला’च होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, पाणी पसरले, आणि त्यानंतर ‘मिठी नदी’ हे नाव सर्वतोमुखी झाले.

‘सांडपाणी’ या शब्दात ‘सांडणे’ हे क्रियापद आहे. घरातील मोरीचे, भांडी विसळलेले पाणी परसातील अळू, केळी यांना सोडले जाई, ते सांडपाणी. आज हाच शब्द शौचालयाच्या मलजलाला आणि कारखान्यातून येणाऱ्या रसायनयुक्त पाण्यालाही लावला जातो. अळू-केळीला चालणारे पाणी आणि शेत नापीक करणारे पाणी यांना एकच घरगुती नाव मिळाल्याने दुसऱ्याचे गांभीर्य झाकले जाते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाला प्रतिबंध करणारा कायदा १९६९ मध्ये केला व केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. कायद्याच्या भाषेत हे भेद स्पष्ट आहेत. ते ग्रामसभेच्या भाषेतही आले पाहिजेत.

४.२.७ क्रियापदांची चर्चा : आटणे, उपसणे, अडवणे, जिरवणे

पुढील वाक्यांची तुलना करा :
१. नदी प्रदूषित झाली.
२. नदी प्रदूषित केली गेली.
३. नदीत प्रक्रिया न केलेले मलजल सोडून नगराने नदी प्रदूषित केली.

पहिल्या वाक्यात अकर्मक क्रियापद असल्याने नदी हीच जणू कर्ती ठरते. दुसऱ्यात कोणीतरी केले एवढे सूचित होते. तिसऱ्यात कर्ता आणि कृती दोन्ही येतात. तीनही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत, तथापि जबाबदारी निश्चित करण्यासाठी तिसरेच उपयोगी पडते. ‘विहीर आटली’ आणि ‘विहीर उपसून कोरडी केली’ यांतही हाच भेद आहे.

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. या कठीण खडकात पाणी भेगांत व झिजलेल्या थरांत, मर्यादित प्रमाणात साठते. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा थराला ‘जलधर’ म्हणतात. एकाच जलधरावर अनेकांच्या विहिरी असतात. ‘माझी विहीर’ हा प्रयोग योग्य आहे. ‘माझे पाणी’ हा प्रयोग खडकाला मान्य नाही. एकाने खोल विंधन विहीर घेतली की शेजाऱ्याची विहीर उतरते. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला, तो याच कारणामुळे. पुढे २००९ च्या कायद्याने भूजलाच्या व्यवस्थापनाचा अधिक व्यापक विचार केला. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण या सर्व चर्चेचे सार सांगते.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा सर्वांना पाठ आहे. ‘अडणे’ व ‘जिरणे’ यांची ‘अडवणे’ व ‘जिरवणे’ ही प्रयोजक रूपे आहेत. म्हणजे घोषणेत माणूस कर्ता आहे. ही तिची ताकद आहे. परंतु जिरवलेले पाणी पुढे कोणी, किती आणि कशासाठी उपसायचे, याविषयी घोषणा मौन पाळते. हिवरे बाजार येथील गावकऱ्यांनी हे मौन मोडले. उपलब्ध पाणी मोजून पिकांचे नियोजन करणारा ‘पाण्याचा ताळेबंद’ तेथे मांडला जातो आणि सिंचनासाठी विंधन विहिरींना मज्जाव केला आहे. ‘ताळेबंद’ हा हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. त्याच्या शेजारी ‘गंगाजळी’ हा शब्द ठेवून पाहा. राखून ठेवलेल्या धनाला मराठीने पाण्याचे नाव दिले आहे. त्याच भाषेत उधळपट्टीला ‘पाण्यासारखा पैसा खर्च करणे’ असेही म्हणतात. पाणी हे धन म्हणून जपायचे की उधळण्याची वस्तू समजायचे, या दोन्ही दृष्टी आपल्या भाषेत आहेत. निवड बोलणाऱ्याची आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) पाणी उकळल्याने कोणता दोष जातो व कोणता राहतो?
(आ) ‘नाला’ या शब्दाच्या अर्थापकर्षाचे स्वरूप सांगा.
(इ) ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेतील क्रियापदांचा प्रकार ओळखा.

४.३ सारांश

पाण्याचे शब्द हे पाण्याच्या व्यवहाराचे दस्तऐवज असतात. फड, सांडम, शेजपाळी, निस्तार या शब्दांत वाटप, निचरा, क्रम आणि हक्क यांचे नियम साठले आहेत. ‘गाव’ आणि ‘सार्वजनिक’ या शब्दांत वगळल्याचा व सामावून घेण्याचा इतिहास आहे. गुणवत्तेच्या बाबतीत ‘नितळ’ आणि ‘पिण्यायोग्य’ यांतील भेद आरोग्याशी निगडित आहे. ‘नाला’ व ‘सांडपाणी’ हे शब्द प्रवाहांच्या दुरवस्थेची साक्ष देतात. क्रियापदाच्या निवडीने जबाबदारी उघड होते किंवा झाकली जाते. राखण आणि चाखणे यांची सांगड जेथे टिकते आणि तीत सर्वांना स्थान असते, तेथे पाणीही टिकण्याची शक्यता वाढते.

४.४ पारिभाषिक शब्द

अर्थविस्तार : शब्दाच्या अर्थाची व्याप्ती वाढणे.
अर्थापकर्ष : शब्दाचा अर्थ हीन होणे.
प्रयोजक क्रियापद : कर्ता दुसऱ्याकडून क्रिया घडवतो असे दर्शवणारे क्रियापद.
जलधर : पाणी साठवणारा व वाहू देणारा भूस्तर.
मलजल : शौचालयातून येणारे दूषित पाणी.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) मूळ ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगे असा अर्थ होता. पुढे खारे, दूषित अशा सर्व प्रकारच्या पाण्याला तोच शब्द लागू झाला. (आ) शेज (लगतचे) + पाळी (क्रम). टोकाच्या शेतापासून लगतच्या क्रमाने पाणी देणे. (इ) ‘एकरी’मुळे जमिनीच्या प्रमाणात वाटा ठरतो, तर ‘माणशी’मुळे माणसांच्या प्रमाणात ठरतो व भूमिहीनांनाही हक्क मिळतो.

प्रश्न २ : (अ) जंतू मरतात; फ्लोराइड व नायट्रेट राहतात. (आ) लहान जलप्रवाह या अर्थापासून घाण वाहून नेणारा मार्ग या अर्थापर्यंत शब्द खालावला. (इ) दोन्ही प्रयोजक क्रियापदे आहेत.

४.६ सरावासाठी स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ या म्हणीचा रूढ अर्थ व वाच्यार्थ यांची जलव्यवस्थापनाच्या संदर्भात चर्चा करा.
२. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील साठ वर्षांवरील तीन व्यक्तींना भेटून पाण्याशी संबंधित किमान पंचवीस शब्द नोंदवा. त्यांत किमान एक स्त्री असावी, कारण घरात पाणी आणण्याचे काम बहुधा स्त्रियांनीच केले आहे. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, वापराचे एक वाक्य आणि तो शब्द आज बोलला जातो की नाही याची नोंद करा.
३. पाण्याच्या प्रदूषणाविषयीच्या वर्तमानपत्रातील पाच बातम्या निवडा. प्रत्येक बातमीत प्रदूषण करणाऱ्याचा उल्लेख कर्ता म्हणून आला आहे का ते तपासा. जेथे कर्ता गळला आहे, तेथे बातमीतील माहितीच्याच आधारे वाक्य पुन्हा लिहा.
४. तुमच्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून पिण्याच्या पाण्याच्या अलीकडील तपासणीचा अहवाल मागवा. त्यातील पारिभाषिक शब्दांचे, कोणाही शेजाऱ्याला समजेल अशा मराठीत, एका पानात स्पष्टीकरण लिहा आणि ते प्रत्यक्ष एका शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्याला न कळलेल्या जागा नोंदवून मजकूर सुधारा.